स्टेशनापासून गंगेपर्यंत

नाशिकरोडला राहणारा माणूस आजही ‘जरा नाशिकला जाऊन येतो’ असं सांगून घराबाहेर पडतो. १९८२ साली नाशिक महापालिका झाली, नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका तिच्यात विलीन झाली आणि कागदोपत्री दोन्हींचं एक शहर झालं. त्याला चाळीसहून जास्त वर्षं होऊन गेली. तरी बोलण्यातलं अंतर मिटलेलं नाही, कारण रस्त्यावरचं अंतर मिटलेलं नाही. गाडीतून उतरून, पूल ओलांडून बाहेर आलं की रिक्षावाल्यांच्या ‘शालिमार, शालिमार’, ‘द्वारका, सीबीएस’ अशा हाका सुरू होतात. पहाटेच्या गाडीनं आलेली, डोक्यावर बोचकी घेतलेली मंडळी तिथेच पहिला प्रश्न विचारतात: गंगेवर कसं जायचं?

गंगा म्हणजे गोदावरी. नाशिकचा माणूस गंगेवर जातो, गंगेला पूर आला म्हणतो. स्टेशनापासून या गंगेपर्यंतची वाट आठ-दहा किलोमीटरची आहे आणि एके काळी तिच्यावर रूळ होते. १८८९ साली नाशिकरोड स्टेशनापासून गावातल्या मेनरोडपर्यंत, ज्या जागेला आज जुन्या महापालिकेची इमारत म्हणून ओळखतात तिथपर्यंत, ट्राम सुरू झाली. दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. ही ट्राम चाळीसहून अधिक वर्षं चालली. मुंबईच्या ट्रामच्या आठवणी मराठीत ढिगानं आहेत. नाशिकला ट्राम होती हे मात्र नाशिककरांनाच सांगावं लागतं, आणि सांगितलं की समोरचा आधी विश्वास ठेवत नाही.

मेनरोडवर संध्याकाळच्या गर्दीत उभं राहून रुळांची कल्पना करणं अवघड जातं. कापडाची दुकानं, भांडीवाले, हातगाड्या, त्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या. इथे अडीच फुटांच्या अंतरावर दोन रूळ होते आणि त्यांच्या टोकाशी उतारू उतरत होते, यावर विश्वास बसायचा तर आधी रेल्वे नाशिकपर्यंत कशी आली आणि गावाबाहेरच का थांबली, हे पाहावं लागतं.

रेल्वे नाशिकला यायची होती असंही नाही. मुंबईहून घाट चढून खानदेश-वऱ्हाडाकडे जाण्यासाठी सुरुवातीच्या आखणीत माळशेज घाटाचा विचार होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे, म्हणजे जीआयपीचे, मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी माळशेज सोडून थळ घाट पसंत केला. माळशेजनं लोहमार्ग गेला असता तर घाटमाथ्यावरची गावं वेगळीच वाढली असती, आणि नाशिक मुंबई-आग्रा रस्त्यावरचं एक क्षेत्र म्हणून राहिलं असतं. कंपनीचं लक्ष वऱ्हाडच्या कापसावर होतं. लँकेशायरच्या गिरण्यांना तो हवा होता, त्यासाठीच तर विलायतेत या रेल्वेला पाठबळ मिळालं. त्या हिशेबात रामकुंडाला स्थान नव्हतं. लोहमार्ग सोयीच्या सपाटीवरून गावाच्या आग्नेयेला जाणार होता, तसा तो गेला, आणि जिथे गावाला त्यातल्या त्यात जवळ पडत होतं तिथे स्टेशन झालं.

आधी घाटाचं सांगतो. १८६१ च्या जानेवारीत मुंबईकडची रेल्वे कसाऱ्याला टेकली. त्याच महिन्यात वर इगतपुरी ते नाशिकरोड हा तुकडाही सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो चाळीसगावपर्यंत वाढला. मधला घाट मात्र तयार नव्हता. तो खुला झाला १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे चार वर्षं अशी गेली, की खाली एक रेल्वे, वर दुसरी रेल्वे, आणि मध्ये डोंगर. मुंबईहून नाशिकला निघालेला माणूस कसाऱ्याला आगगाडीतून उतरे, आग्रा रोडच्या घाटरस्त्यानं वर चढे आणि इगतपुरीला पुन्हा आगगाडीत बसे. घाटावरच्या तुकड्याला लागणारं सामानसुमान त्याच रस्त्यानं वर गेलं. नाशिकच्या रेल्वेची सुरुवातच अशी तुटक झाली.

घाटाचं काम किती बिकट होतं हे आकड्यांतून कळतं. सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांची चढण. काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तेरा बोगदे. एहेगावच्या दरीवरचा पूल १८२ फूट उंच. बर्कली यांना हे पुरं झालेलं पाहता आलं नाही, १८६२ मध्येच ते वारले. दगड फोडणारे, सुरुंग लावणारे, पाट्या वाहणारे हजारो मजूर इथे राबले. त्यांची नावं कुठल्याही पुलावर कोरलेली नाहीत.

या घाटात एक स्टेशन होतं, तिथे कुणी चढत नसे आणि कुणी उतरत नसे. कड्याच्या अंगाला गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून अभियंत्यांनी चढणीचे दोन भाग पाडले आणि ते उलटसुलट दिशांनी जोडले. गाडी पहिला भाग चढून एका सपाट पट्टीवर येऊन थांबे. तिथे इंजिन सोडून, बाजूच्या रुळानं फिरवून दुसऱ्या टोकाला जोडत. मग जो डबा शेवटचा होता तो पहिला होऊन गाडी उरलेली चढण चढे. या पट्टीला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. प्रत्येक गाडीचा त्यात वेळ जाई, आणि उतारावर येणाऱ्या गाडीचे ब्रेक हाच सगळ्यांच्या जिवाला घोर. १९१८ मध्ये लोहमार्गाची आखणी बदलली, गाड्या सरळ जाऊ लागल्या आणि ते स्टेशन निकामी झालं. आज कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, घाटात ‘टीजीआर’ अशा आद्याक्षरांच्या केबिन मागे पडतात, आणि पावसाळ्यात सगळा डबा धबधबे बघायला खिडकीशी येतो. जिथे अर्धं शतक प्रत्येक गाडी उलटी फिरली ती जागा कुणी कुणाला दाखवत नाही. वाटेवर बांधलेलं आणि नंतर सोडून दिलेलं हे पहिलं स्थानक. दुसरं नाशिकच्या पोटात होतं.

नाशिकरोड ते नाशिक हा रस्ता तेव्हा झाडीतून जाणारा होता. मधे आजच्यासारखं उपनगर नव्हतं, गांधीनगरची वसाहत नव्हती, द्वारकेचा उड्डाणपूल तर कालपरवाचा. रात्रीच्या गाडीनं उतरलेल्या माणसाला टांगा मिळाला तर ठीक, नाहीतर स्टेशनावर पहाटेची वाट पाहायची. आणि उतरणारी माणसं कोण? बहुतेक यात्रेकरू. अस्थी घेऊन आलेले, श्राद्धाला आलेले, काशीहून परतताना थांबलेले, सिंहस्थाला निघालेले. म्हातारी माणसं, सोवळ्यातल्या विधवा, कडेवर पोरं. या मंडळींना क्षेत्रोपाध्यांकडे जायचं असे, ज्यांच्या वह्यांत त्यांच्या आज्या-पणज्यांच्या सह्या असत.

या वह्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी एकदा पाहाव्यात. लांबट, उभ्या बांध्याच्या, लाल कापडात गुंडाळलेल्या. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात आणि पानं उलटत आपल्याच घराण्यातल्या कुणाच्या तरी हस्ताक्षराशी येऊन थांबतात. कोण आलं, कुणाबरोबर आलं, कशासाठी आलं, कधी आलं. जुनी पानं मोडीत आहेत. रेल्वेनं या वह्या फुगवल्या. पूर्वी ज्या गावाहून पिढीतून एखादा माणूस नाशिकला पायी येई, त्या गावाहून आता कुटुंबच्या कुटुंबं येऊ लागली. स्टेशन ते रामकुंड ही वाहतूक म्हणजे चालता धंदा होता, आणि तो ओळखायला कुणीतरी हवं होतं.

ट्रामचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८५७ मध्ये जन्मलेला हा इंग्रज १८८२ साली जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. मोठ्या रेल्वेपासून दूर राहिलेल्या गावांना जोडायचं तर मोठ्या रेल्वेची छोटी नक्कल करून भागत नाही, हे त्यानं हिंदुस्थानात फिरून ओळखलं. रूळ हलके हवेत, डबे हलके हवेत, चाकांवरचं वजन सगळीकडे सारखं वाटलेलं हवं, म्हणजे खर्च गावाला झेपेल. नाशिकच्या ट्रामसाठी अडीच फुटांचा गेज होता. पुढे याच गेजवर त्यानं बार्शी लाइट रेल्वे उभी केली. कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ चा, आणि तिथे प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशी त्यानं रचना केली. जगभरच्या लहान रेल्वेच्या इतिहासात बार्शीचं नाव आदरानं घेतात ते यासाठी.

१९०६ मध्ये बार्शी लाइट पंढरपूरला पोहोचली. चंद्रभागेच्या वारकऱ्यांची ती पिढ्यान्‌पिढ्या गाडी झाली. तिच्यातली गर्दी, टपावर बसलेली माणसं, वारीच्या वेळचे जादा डबे, हे पाहिलेली माणसं आजही सोलापूर भागात भेटतात. एकाच माणसानं महाराष्ट्राची दोन तीर्थं लहान रुळांनी जोडली. त्यातलं एक पंढरपूर, आणि त्याच्या सतरा वर्षं आधीचं दुसरं म्हणजे बार्शीच्याही अगोदरचं नाशिक. बार्शीची गाडी लोकांच्या लक्षात राहिली, कारण ती पुढे सरकारी झाली, अलीकडेपर्यंत धावली आणि मग तिचा मार्ग ब्रॉडगेज झाला. नाशिकच्या रुळांचा वारसा घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

कॅलथ्रॉपबद्दल आणखी एक सांगायला हवं. या माणसाला घोड्यांचं वेड होतं. तो अरबी घोडे पाळी, आणि घोड्याला न मारता, न घाबरवता शिकवावं यावर त्यानं १९२० मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, मोटारींच्या नावातला रोल्स, १९१० साली विमान कोसळून गेला. त्या धक्क्यातून कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचं ‘गार्डियन एंजल’ हे पॅराशूट तयार झालं. मला या सगळ्या उचापतींत एकच सूत्र दिसतं: वाहनात बसलेल्या आणि वाहन ओढणाऱ्या जिवाची काळजी. नाशिकच्या ट्रामला घोडे होते, आणि तिच्या सल्लागाराला घोडा कळत होता.

घोड्याची ट्राम टांग्यापेक्षा का परवडते हे समजून घेण्यासारखं आहे. खडीच्या रस्त्यावर चाक रुततं, उसळतं, आणि घोड्याचं निम्मं बळ त्यातच जातं. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला अडवणूक फार थोडी. तेवढंच जनावर कितीतरी पट माणसं ओढू शकतं. म्हणून टांग्यात तीन-चार, तर ट्रामच्या डब्यात त्याच्या अनेक पट माणसं आणि माणशी भाडं कमी. अडचण घोड्याच्या पोटाची. इंजिन उभं असलं की कोळसा खात नाही. घोडा उभा असला तरी खातो. जोड्या बदलाव्या लागतात, म्हणजे गाडीला लागतात त्याच्या दुपटी-तिपटीनं घोडे तबेल्यात ठेवावे लागतात. मुंबईची घोड्यांची ट्राम १८७४ ला सुरू झाली आणि १९०५ ला ती बंद करताना कंपनीच्या पदरी शेकडो घोडे होते.

नाशिकच्या ट्रामचं दुखणं इथेच सुरू झालं असणार. सुरू होऊन दहा वर्षं व्हायच्या आत १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्यातून सावरतं न सावरतं तोच १८९९-१९०० चा. दुष्काळात कडबा महागतो, आणि जनावर पोसणारा सगळ्यांत आधी बुडतो. त्याच सुमारास प्लेग. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, जत्रायात्रांवर बंधनं आली. यात्रेकरूंच्या जिवावर चालणाऱ्या वाहनाला याहून मोठा फटका कोणता? घोड्यांचा खर्च वर चढत होता आणि उतारू खाली येत होते. तोट्यानं ट्राम बुडाली असं सांगतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर गैरकारभार येतो. इथे पाऊस आणि साथ यांनीच हिशेब बिघडवला होता. एवढ्या दणक्यांनंतरही ती तीसेक वर्षं चालली, यातच गावाला तिची किती गरज होती ते दिसतं.

मध्ये घोडे गेले आणि पेट्रोलवर चालणारी ट्राम आली. देशातली पेट्रोलवरची पहिली ट्राम नाशिकची, असं सांगितलं जातं. हे नाशिकनं अभिमानानं मिरवायला हवं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत नाशिकला जे जे घडलं ते सगळं या ट्रामच्या काळातलं. मेनरोडच्या परिसरातल्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ट्राम होती. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके यांनी नाशिकला आपला कारखाना थाटला, तेव्हा ट्राम होती. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाहेरगावचे जे सत्याग्रही आगगाडीनं आले त्यांना याच स्टेशनापासून याच गंगेपर्यंत यायचं होतं. आपण या घटनांच्या तारखा पाठ करतो. माणसं तिथवर कशी पोहोचली हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही, आणि मला वाटतं शहराचा इतिहास तिथेच अर्धा राहतो.

दरम्यान स्टेशनाभोवती दुसरं गाव उभं राहत होतं. १९२५ मध्ये इथे सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, पोस्टाची तिकिटं विलायतेहून यायची ती नाशिकरोडला छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. मध्यवर्ती कारागृह आलं. देवळालीची छावणी होतीच. रेल्वेलगत असणं हाच नाशिकरोडचा जन्माधार. जी जागा नाशिकला जाण्यासाठी उतरायची म्हणून होती, तिथे माणसं राहायला लागली.

अशा वेळी दोन टोकांमधली ट्राम खरं तर अधिक लागायला हवी होती. पण रस्त्यावर मोटार आली होती. मोटारला रूळ नकोत, तबेला नको, वाट्टेल तिथे थांबता येतं, उतारूच्या दारात जाता येतं. १९३० च्या आसपास साऱ्या हिंदुस्थानात मोटारबसनं रेल्वेचे जवळचे उतारू पळवले होते. सरकारला त्याची चौकशी करायला मिचेल आणि कर्कनेस हे दोन अधिकारी नेमावे लागले. मोठी रेल्वे जिथे हबकली तिथे नाशिकची ट्राम काय टिकणार? १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद झाली. त्याच १९३० मध्ये विजेची इंजिनं घाट चढून इगतपुरीपर्यंत आली. मुंबई-नाशिकच्या लांब पल्ल्याला नवं यंत्र मिळालं, आणि स्टेशन ते गाव हा तुकडा होता तोही गेला.

योगायोगानं मुंबईतलं एक मोठं स्टेशनही त्याच सुमारास संपलं. समुद्राला खेटून असलेलं बीबीसीआय रेल्वेचं कुलाबा स्टेशन १८७३ पासून होतं, १८९६ मध्ये त्याला देखणी इमारत मिळाली. डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल सुरू झालं आणि ३१ तारखेच्या रात्री कुलाब्याचं स्टेशन बंद केलं गेलं. आज तिथे बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. कुलाब्याच्या स्टेशनाची छायाचित्रं आहेत, त्यावर लेख आहेत, शेवटची गाडी कधी सुटली ते ठाऊक आहे. नाशिकच्या ट्रामच्या शेवटच्या फेरीत कोण बसलं होतं ते कुणी टिपून ठेवलेलं नाही. राजधानीच्या शहराला जी नोंद आपोआप मिळते ती जिल्ह्याच्या गावाला मिळवावी लागते.

पुढची हकिकत थोडक्यात. टांगे राहिले, मग रिक्षा आल्या, एसटीनं शहर बस चालवली, ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक धावते. त्याच वर्षी १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. रबरी चाकांची, तारेवरच्या विजेची गाडी, आणि तिच्या मार्गाचं एक टोक पुन्हा नाशिकरोड. गंगापूर ते नाशिकरोड अशी ती जायची होती. ती अजून धावलेली नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात, गाड्या वाढतात. पण आजही म्हातारं माणूस स्टेशनाबाहेर येऊन गंगेवर कसं जायचं हेच विचारतं, आणि त्याचं उत्तर कुठल्या रिक्षावाल्याशी गाठ पडते त्यावर असतं. १८८९ मध्ये या प्रश्नाला ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ आणि ठरलेलं भाडं असलेलं उत्तर होतं. ते आपल्या हातून गेलं हे मला मनापासून लागतं.

ट्राम परत आणा असं मी म्हणत नाही. तिची नोंद मात्र व्हायला हवी, आणि ती करायला अजून वेळ आहे. नगरपालिकेची जुनी दफ्तरं आहेत. सार्वजनिक रस्त्यावर रूळ टाकायचे म्हणजे परवानगी, कर, तक्रारी, सगळं त्यात आलंच पाहिजे. वर्तमानपत्रांचे जुने अंक आहेत. मेनरोड, रविवार कारंजा, भद्रकाली इथल्या वाड्यांतून निघालेल्या कुटुंबांकडे कदाचित एखादं तिकीट, एखाद्या पत्रातली ओळ, एखाद्या लग्नाच्या हिशेबातला ‘ट्राम भाडे’ असा आकडा असेल. आणि क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत. त्यांत यात्रेकरूंच्या येण्याच्या तिथी आहेत. १८८९ च्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं कुणी शेजारी ठेवून मोजली, तर ट्रामनं नाशिकला किती माणसं आणली याचा अंदाज पहिल्यांदा येईल. मोडी वाचणारे विद्यार्थी नाशिकच्या महाविद्यालयांत तयार होत आहेत, गुरुजींची घरं पंचवटीत आहेत. दोघांची गाठ कुणीतरी घालून द्यायला हवी, आणि मेनरोडवर ट्राम जिथे थांबत होती तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा ठसठशीत दगडी फलक सिंहस्थापूर्वी बसायला हवा.